लॅपटॉप आणि त्याची गोदी

मुंबईकरांस ‘डॉक’ हा शब्द नवा नाहीं. १७५० सालीं येथें पहिली कोरडी गोदी बांधली गेली, आणि पुढें ससून, प्रिन्सेस, व्हिक्टोरिया, अलेक्झांड्रा अशा गोद्यांची रांगच ह्या किनाऱ्याला लागली. गोदीचें तत्त्व सोपें आहे. समुद्रांत हिंडणारें जहाज सर्व सामानसुमान आपल्याबरोबर बाळगूं शकत नाहीं. याऱ्या, वखारी, मजूर आणि आगगाडीचे रूळ हे किनाऱ्यावरच राहावयाचे. जहाज गोदीला लागलें कीं ह्या सर्व संपत्तीचा उपभोग त्यास मिळतो. दोर सोडले कीं तें पुन्हां सडें होऊन चालूं लागतें. लॅपटॉपाजवळ टेबलावर जी पेटी ठेवतात आणि जिला ‘डॉकिंग स्टेशन’ म्हणतात, तिची कल्पना नेमकी हीच आहे. लॅपटॉप हें गलबत, टेबल हा किनारा.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं हल्लीं जो लॅपटॉप येतो त्याच्या कडेला दोन, फार तर तीन, बारीक छिद्रें असतात. घरांत मात्र प्रिंटर असतो, मोठा पडदा असतो, कळफलक व माऊस असतात, छायाचित्रांनीं भरलेली हार्ड डिस्क असते, आणि शिवाय लॅपटॉपास वीज पुरवावयाची असतेच. पाहुणे इतके आणि दार एक, अशी स्थिति झाली म्हणजे गृहस्थ बाजाराची वाट धरतो. तेथें कांहींशें रुपयांच्या डबीपासून वीस-पंचवीस हजारांच्या पेटीपर्यंत नाना प्रकारचा माल मांडलेला असतो. सर्वांचें तोंड एकाच आकाराचें आणि सर्वांवरील स्तुति एकाच थाटाची. महाग वस्तु घ्यावी तर पैसे व्यर्थ जाण्याची भीति, स्वस्त घ्यावी तर घरीं आणल्यावर मोठा पडदा काळाच राहण्याची भीति. ह्या घोटाळ्याचें मूळ गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासांत आहे, आणि तो इतिहास ठाऊक असला म्हणजे दुकानदाराच्या वक्तृत्वाची भीति पुष्कळच कमी होते.

बरोबर नेतां येण्याजोग्या संगणकाचा व्यापार खऱ्या अर्थानें १९८१ सालीं सुरू झाला. ॲडम ऑसबोर्न ह्या गृहस्थाचें बालपण तमिळ मुलखांत, तिरुवन्नामलै येथें गेलें होतें, आणि २००३ सालीं त्याचा अंतहि कोडाइकनाल येथेंच झाला. त्यानें अमेरिकेंत ‘ऑसबोर्न १’ हा संगणक १,७९५ डॉलरांस विकावयास काढला. त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें. ‘सुवाह्य’ असें विशेषण त्यास लावीत. वाहणाराच्या खांद्याचें मत कोणी विचारलें नसावें. पडदा अवघा ५ इंचांचा, पण यंत्रास बाहेरचीं साधनें जोडण्याचीं द्वारें मात्र भरपूर. पुढच्याच वर्षीं, १९८२ सालीं, बिल मॉग्रिज ह्या इंग्रज रचनाकारानें घडविलेला ‘ग्रिड कंपास’ आला. पुस्तकाप्रमाणें मिटणारा पडदा त्यांतच प्रथम नांवाजला गेला. किंमत ८,१५० डॉलर असल्यामुळें तो सामान्य माणसाच्या हातीं पडणें शक्य नव्हतें. अमेरिकेच्या स्पेस शटलमधून मात्र तो अंतराळांत जाऊन आला.

त्या काळीं प्रत्येक साधनाचें द्वार निराळें असे. ‘पोर्ट’ म्हणजे यंत्रांत माहिती येण्याजाण्याचें द्वार. आरएस-२३२ हें मालिका-द्वार १९६० सालच्या ठरावाचें. तें मूळ टेलिफोनच्या तारेवरून संदेश पाठविणाऱ्या मोडेमसाठीं. छपाईचें रुंद द्वार सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० सालच्या प्रिंटरापासून रूढ झालें. १९८७ सालीं आयबीएम कंपनीनें कळफलक व माऊस ह्यांसाठीं दोन वाटोळीं द्वारें आणि पडद्यासाठीं १५ छिद्रांचें ‘व्हीजीए’ द्वार प्रचारांत आणलें. ह्यांपैकीं पुष्कळांस दोन्ही बाजूंनीं स्क्रू पिळावे लागत. टेबलावर कायम बसलेल्या संगणकाची पाठ ह्या द्वारांनीं भरली तरी कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. परंतु जें यंत्र सकाळीं कचेरींत, सायंकाळीं घरीं आणि रात्रीं आगगाडींत असावयाचें, त्याच्या मालकानें रोज पांच-सहा तारा सोडाव्या, स्क्रू फिरवावे आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच खटाटोप करावा, हें असह्यच होतें. शिवाय प्रत्येक द्वार यंत्राची जाडी वाढवी. २५ खिळ्यांचें द्वार बसवावयाचें, तर त्याहून पातळ लॅपटॉप बनूंच शकत नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून सर्व तारा एका पेटीस कायमच्या जोडून ठेवाव्या आणि लॅपटॉप त्या पेटीस एकाच रुंद जोडणीनें लावावा, ही युक्ति निघाली. कॉम्पॅक कंपनीनें १९९० सालीं आपल्या ‘एलटीई ३८६एस/२०’ ह्या लॅपटॉपासाठीं टेबलावर ठेवावयाची विस्तार-पेटी काढली. ती ह्या जातीच्या पहिल्या पेट्यांपैकीं एक होय. परंतु ह्या कल्पनेस जें खरें सौंदर्य आलें तें दोन वर्षांनीं, ॲपल कंपनीच्या ‘पॉवरबुक डुओ’ ह्या यंत्रामुळें.

१९९२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत हा डुओ बाजारांत आला. वजन १.९ किलोच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या मानानें अगदीं फुलासारखा. हा हलकेपणा कसा साधला? फ्लॉपी डिस्कचें यंत्र काढून टाकलें, आणि मालिका-द्वार एकच ठेवून बाकीचीं बहुतेक द्वारें गाळलीं. पाठीमागें मात्र १५२ खिळ्यांची एक लांबट जोडणी ठेवली, आणि ती संगणकाच्या अंतरंगांतील माहितीच्या मुख्य मार्गासच भिडविली. घरीं आल्यावर लॅपटॉपाचें झाकण मिटून तो ‘डुओ डॉक’ नांवाच्या पेटीच्या तोंडांत ढकलावयाचा. आंतील मोटर त्यास ओढून घेई, जशी व्हिडिओच्या यंत्रांत कॅसेट आंत जावी तसा. मोठा पडदा पेटीच्या माथ्यावर बसे. पेटीच्या पोटांत फ्लॉपीचें यंत्र, विस्तार-पत्रांच्या दोन खांचा, आणखी एका हार्ड डिस्कसाठीं जागा, आणि हवा असल्यास गणिताचा वेगळा प्रोसेसर बसविण्याची सोय. म्हणजे गलबत गोदींत शिरलें कीं त्याचेंच एक मोठें जहाज बनत असे. ज्यांस इतका थाट नको असेल त्यांच्यासाठीं फक्त द्वारें देणारा लहान डॉकहि होता. आज ज्यास ‘हब’ म्हणतात त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

डुओची रचना इतकी मोहक होती, कीं अद्यापि जुन्या यंत्रांचे शौकीन तिचें कौतुक करतात. तथापि तिच्यांत एक मोठें वैगुण्य होतें आणि तें गिऱ्हाइकास खर्चांत पाडणारें होतें. तो डॉक डुओखेरीज दुसऱ्या कोणासहि उपयोगी नव्हता. पुढें रंगीत पडद्याचे डुओ आले ते अंगानें जाड निघाले, तेव्हां डॉकचें झाकणहि बदलावें लागलें. १९९७ सालीं डुओ घराणें बंद झालें आणि त्याबरोबर त्या सर्व पेट्याहि पोरक्या झाल्या.

हाच प्रकार पुढें कचेऱ्यांत मोठ्या प्रमाणावर घडला. आयबीएम, डेल, एचपी ह्या कंपन्यांनीं लॅपटॉपाच्या तळाशीं आपापली खास जोडणी ठेवली. कारकुनानें येऊन यंत्र डॉकवर दाबावें, ‘खट्’ असा आवाज व्हावा आणि काम सुरू व्हावें. सोयीच्या दृष्टीनें ह्याहून सरस पद्धति अजूनहि निघालेली नाहीं. परंतु डेलच्या २००३ सालच्या डी-मालिकेचा डॉक २००८ सालच्या ई-मालिकेस चालेना. लॅपटॉप बदलला कीं शेंकडों पेट्या भंगारांत. एका कंपनीचा लॅपटॉप आणि दुसरीची पेटी हा विवाह तर शास्त्रांतच बसत नव्हता. एकदां डॉक घेतला कीं पुढचा लॅपटॉपहि त्याच घरचा घ्यावा लागे, आणि व्यापाऱ्यांस तें नकोसें होतें असें म्हणवत नाहीं.

ह्या बंधनांतून सोडविणारी शक्ति डॉकच्या कारखान्यांतून आली नाहीं. ती निराळ्याच दिशेनें आली, आणि तिचा एक धागा बडोद्यापर्यंत पोंचतो. ज्या सयाजीराव गायकवाडांचें नांव बडोद्याच्या विश्वविद्यालयास आहे, ते मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचे. त्या विश्वविद्यालयांत शिकून अजय भट्ट हे अमेरिकेस गेले आणि १९९० सालीं इंटेल कंपनींत रुजू झाले. प्रत्येक साधनास वेगळें द्वार आणि प्रत्येक द्वारास वेगळी विद्या ही स्थिति सामान्य कुटुंबास जाचक आहे, हें त्यांनीं ओळखलें. इंटेल, कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल ह्या सात कंपन्या १९९४ सालीं एकत्र आल्या आणि १९९६ च्या जानेवारींत ‘यूएसबी’ ह्या सार्वत्रिक द्वाराचा पहिला ठराव प्रसिद्ध झाला. त्याची गति सेकंदास १२ मेगाबिट, आणि माऊससारख्या मंद साधनांसाठीं दीड मेगाबिट. विशेष हें कीं इंटेलनें ह्या शोधावर कर घेतला नाहीं. कोणत्याहि कारखानदारानें तें द्वार मोकळेपणानें वापरावें अशी व्यवस्था ठेवली. हें एकट्याचें काम नव्हे, समूहाचें आहे, असें भट्ट स्वतः सांगत आले आहेत. यूएसबीचें जुनें चपटें टोंक तीनदां फिरविल्याशिवाय बसत नाहीं ही सर्वांची तक्रार असते. दोन्ही बाजूंनीं बसणारें टोंक करावयाचें, तर तारा व खर्च दोन्ही वाढले असते, आणि नव्या द्वारास स्वस्ताईवांचून कोणीं घरांत घेतलें नसतें, असा त्यावर त्यांचा खुलासा आहे.

१९९८ सालच्या ‘आयमॅक’ संगणकानें जुनीं द्वारें टाकून यूएसबीस जवळ केलें, आणि मग त्याचा प्रसार झपाट्यानें झाला. २००० सालीं गति ४८० मेगाबिट झाली, २००८ सालीं ५ गिगाबिट. आतां कोणत्याहि कंपनीच्या लॅपटॉपास कोणत्याहि कंपनीची पेटी यूएसबीनें जोडणें शक्य झालें. अडचण उरली ती पडद्याची. ज्यास ‘फोर-के’ म्हणतात त्या पडद्यावर ३,८४० गुणिलें २,१६० म्हणजे सुमारें ८३ लक्ष बिंदु असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगास २४ बिट धरले आणि चित्र सेकंदास ६० वेळां बदललें, तर सेकंदास जवळजवळ १२ गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. ५ गिगाबिटांच्या नळींतून ती जाणार कशी? केंब्रिज येथें २००३ सालीं निघालेल्या आणि पुढें ‘डिस्प्लेलिंक’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें चित्र दाबून लहान करावयाचें, तारेतून पाठवावयाचें आणि पेटींत पुन्हां उलगडावयाचें, अशी तोड काढली. लिखापढीच्या कामास ती उत्तम आहे. मात्र तिच्यासाठीं लॅपटॉपांत वेगळी प्रणाली भरावी लागते, दाबण्याचें काम लॅपटॉपाच्याच डोक्यावर पडतें, आणि वेगवान खेळ खेळतांना चित्र अडखळण्याचा संभव राहतो.

इंटेल व ॲपल ह्यांनीं २०११ सालीं ‘थंडरबोल्ट’ काढून दुसरा मार्ग धरला. डुओनें १५२ खिळ्यांनीं जें साधलें होतें, म्हणजे संगणकाच्या आंतील राजमार्गच बाहेर आणणें, तेंच ह्यानें एका बारीक तारेनें साधलें. आरंभीं १० गिगाबिटांचे दोन मार्ग, २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तींत ४० गिगाबिट, आणि २०२३ सालीं जाहीर झालेल्या पांचव्या आवृत्तींत ८० गिगाबिट, अशी त्याची चढण आहे.

दरम्यान लॅपटॉप पातळ करण्याची हौस शिगेस पोंचली. २००८ सालीं कागदाच्या लिफाफ्यांतून बाहेर काढून दाखविलेल्या ‘मॅकबुक एअर’ला एकच यूएसबी द्वार होतें. २०१४ च्या ऑगस्टमध्यें २४ संपर्कांचें, दोन्ही बाजूंनीं बसणारें ‘यूएसबी-सी’ हें नवें टोंक ठरलें, आणि २०१५ च्या ‘मॅकबुक’मध्यें तेंच एकुलतें एक द्वार राहिलें, कानास लावावयाच्या यंत्राचें छिद्र तेवढें वेगळें. वीज, पडदा, डिस्क, सर्व त्याच वाटेनें. २०१६ च्या ‘मॅकबुक प्रो’वर तर बहुतेक सर्व जुनीं द्वारें गेलीं आणि गिऱ्हाइकांची इतकी ओरड झाली कीं कंपनीस जोड-तारांच्या किंमती उतरवाव्या लागल्या. यंत्र हलकें झालें ह्याचें श्रेय कारखानदारानें घेतलें. गेलेल्या द्वारांची किंमत ग्राहकानें पुन्हां निराळी मोजली. २०२१ सालीं त्याच कंपनीनें आपल्या मोठ्या लॅपटॉपांवर पडद्याचें एचडीएमआय द्वार आणि छायाचित्र-पत्राची खांच परत बसविली, ह्यावरून ओरड अगदींच अनाठायीं नव्हती असें दिसतें.

यूएसबी-सीनें तोंडाचा आकार एक केला, पण तोंडामागील गुण एक केले नाहींत, आणि खरा घोटाळा येथेंच आहे. कांहीं लॅपटॉपांच्या ह्या छिद्रांतून केवळ ४८० मेगाबिट माहिती जाते, कांहींतून ४० गिगाबिट. कांहीं छिद्रें चित्र देतात, कांहीं देत नाहींत. कांहीं वीज घेतात, कांहीं घेत नाहींत. बाहेरून सर्व जुळ्या भावांसारखीं. त्यांत नांवांचा गोंधळ निराळाच. जें २००८ सालीं ‘यूएसबी ३.०’ होतें त्याचेंच पुढें ‘३.१ जेन १’ आणि नंतर ‘३.२ जेन १’ असें बारसें झालें. मूल तेंच, गति तीच. केबलीचीहि गोष्ट तशीच. गूगलमधील बेन्सन लंग ह्या अभियंत्यानें २०१५ सालीं बाजारांतील यूएसबी-सी केबली स्वतः विकत घेऊन तपासण्याचा उद्योग आरंभिला. २०१६ सालीं एका चुकीच्या जोडणीच्या केबलीनें त्याचा लॅपटॉपच निकामी करून टाकला. केबल ही क्षुद्र वस्तु समजून तिच्यांत काटकसर करणारांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तेव्हां डॉक निवडतांना पेटीपेक्षां आधीं लॅपटॉपाचें छिद्र पाहावें. त्याजवळ विजेच्या लोळाची खूण असेल तर तें बहुधा थंडरबोल्ट असतें. ‘डीपी’ ह्या अक्षरांची खूण असेल तर त्यांतून चित्र निघतें. कांहींच खूण नसेल तर कंपनीची माहिती-पुस्तिका उघडावी, दुकानदाराची जीभ नव्हे. छिद्र चित्र देत नसेल तर साधा डॉक कितीहि उत्तम असला तरी पडदा उजळणार नाहीं. तेथें डिस्प्लेलिंकचाच आश्रय घ्यावा लागतो. चित्र देत असेल, तर यूएसबी-सीच्या तारेंत वेगाचे चार मार्ग असतात हें लक्षांत घ्यावें. साधा डॉक त्यांतील दोन चित्रास देतो व दोन माहितीस. जुन्या पद्धतीच्या लॅपटॉपांत दोन मार्गांवर फोर-के चित्र सेकंदास ३० वेळांच बदलतें, आणि माऊसचा बाण पडद्यावर ओढल्यासारखा चालतो. चारहि मार्ग चित्रास दिले तर चित्र सुधारतें, पण डिस्कची गति २००० सालच्या ४८० मेगाबिटांवर उतरते. नव्या लॅपटॉपांत दोन मार्गांतूनहि ६० वेळां बदलणारें चित्र जाऊं शकतें. विक्रीच्या पेटीवर ‘फोर-के’ एवढेंच छापलेलें असतें. ३० कीं ६० हा आंकडा शोधून पाहावा लागतो.

दोन पडदे लावावयाचे असतील तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. २०२० सालच्या एम-१ चिपेचा मॅकबुक एअर स्वभावतःच एक बाहेरचा पडदा चालवितो. कितीहि महाग डॉक आणला तरी त्याचा हा स्वभाव बदलत नाहीं. एका तारेंतून दोन पडद्यांस वेगवेगळें चित्र देण्याची जी स्वस्त युक्ति विंडोजच्या यंत्रांत चालते ती मॅकमध्यें चालत नाहीं. तेथें दोन्ही पडद्यांवर एकच चित्र उमटतें. डॉक घेऊन फसलेल्यांत ह्याच प्रकारचे लोक पुष्कळ सांपडतात. २०२० सालच्या थंडरबोल्टच्या चौथ्या आवृत्तीनें मात्र किमान मर्यादाच घालून दिली: ४० गिगाबिट गति आणि दोन फोर-के पडदे चालविण्याची पात्रता. असें द्वार लॅपटॉपास असेल आणि डिस्कवर चलच्चित्रांचें जड काम असेल तर महाग पेटीचे पैसे वसूल होतात. एक पडदा, कळफलक आणि अधूनमधून पेन ड्राइव्ह एवढाच संसार असेल तर लहान हब पुरतो. त्यावर वीस हजार उधळण्याचें कारण नाहीं.

विजेचा हिशेबहि पाहून घ्यावा. लॅपटॉपाच्या मूळ चार्जरवर ४५, ६५ किंवा १०० असा वॅटचा आंकडा असतो. हबवर ‘१०० वॅट’ असें छापलेलें असलें तरी त्यांतील दहा-पंधरा वॅट तो पुष्कळदां स्वतःसाठीं राखतो, आणि लॅपटॉपास ८५ च्या आसपास पोंचतात. ज्या लहान हबास स्वतःचा चार्जर नसतो तो सर्व साधनांचें पोषण लॅपटॉपाच्या बॅटरीवर करतो. त्यास दोन हार्ड डिस्का जोडल्या कीं त्यांतील एखादी मध्येंच बंद पडावी ह्यांत नवल नाहीं. छायाचित्रांची एकुलती एक प्रत असल्या डिस्कवर असेल तर हा विनोदाचा विषय राहत नाहीं.

सरकारांनींहि आतां ह्या विषयांत हात घातला आहे. युरोपीय संघानें २०२२ च्या नोव्हेंबरांत कायदा करून भ्रमणध्वनीसाठीं २८ डिसेंबर २०२४ व लॅपटॉपांसाठीं २८ एप्रिल २०२६ ह्या तारखांपासून चार्जिंगकरितां यूएसबी-सी बंधनकारक ठरविलें. भारतीय मानक ब्यूरोचें ह्याच टोंकासंबंधीचें मानक २०२३ च्या जानेवारींत जाहीर झालें. ह्यांचा रोख विजेवर आहे. डुओच्या मालकास जो डॉक १९९७ नंतर फेंकावा लागला, तसा प्रसंग यूएसबी-सीच्या डॉकवर सहसा येणार नाहीं. लॅपटॉप बदलला तरी पेटी नव्यास लागेल आणि वीज देईल. ती चित्र किती देईल व माहिती किती वेगानें नेईल, हें मात्र त्या नव्या लॅपटॉपाच्या छिद्रावरच अवलंबून राहील.